नफा कागदावर, पगार रोखीत : आयटी सेवा उद्योगापुढे आर्थिक शिस्तीची कसोटी

देशाच्या निर्यात उत्पन्नात मोलाची भर घालणारा माहिती तंत्रज्ञान सेवा उद्योग आज संक्रमणाच्या टप्प्यावर उभा आहे. 'नॅसकॉम' या उद्योग संघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात या उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलरवर पोहोचली आणि त्यातून सुमारे ५८ लाख लोकांना थेट रोजगार मिळाला. मात्र दोन आकडी वाढीचे दिवस मागे पडले आहेत. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने, टीसीएसने, आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के कपात करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसा अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्क आकारण्याचा निर्णय घेतला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे संगणक आज्ञावली लिहिण्याचे काम कमी वेळात होऊ लागले असून, माणसांच्या तासांवर दर आकारणाऱ्या व्यवसायाच्या पायालाच त्यामुळे धक्का बसत आहे.

या घडामोडींची चर्चा होते ती मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या अनुषंगाने. पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर, कोईमतूर, मोहाली अशा शहरांत वीस, पन्नास किंवा दोनशे लोकांच्या बळावर चालणाऱ्या हजारो सेवा कंपन्यांचा प्रश्न मात्र त्याहून बिकट आहे. मोठ्या कंपनीची एखादी तिमाही वाईट गेली तर भागभांडवल बाजारात तिचा भाव उतरतो. लहान कंपनीची एक तिमाही वाईट गेली तर महिन्याच्या अखेरीस पगार कोठून द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे आर्थिक शिस्त आणि दीर्घकालीन नियोजन हा या कंपन्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न बनला आहे.

गोदाम नसलेला व्यवसाय

कारखानदाराकडे कच्चा माल असतो, तयार माल असतो, यंत्रे असतात. मंदी आली तर तो उत्पादन थांबवू शकतो, पडून असलेला माल विकू शकतो, यंत्रे तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेऊ शकतो. आयटी सेवा कंपनीकडे यांपैकी काहीच नसते. अभियंत्यांचा वेळ हाच तिचा माल. तो साठवून ठेवता येत नाही. आज वापरला न गेलेला कामाचा दिवस उद्या विकता येत नाही, त्या दिवसाचा पगार मात्र द्यावाच लागतो. ज्यांना तूर्त कोणत्याही प्रकल्पावर काम नाही, अशा कर्मचाऱ्यांसाठी या क्षेत्रात 'बेंच' हा शब्द रूढ आहे. कंपनीच्या नफ्या-तोट्याचा निकाल पुष्कळदा या बेंचवरच लागतो.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, एका कंपनीत ५० कर्मचारी आहेत. त्यांपैकी ४० जण ग्राहकांच्या कामावर असून प्रत्येकामागे दरमहा १ लाख २० हजार रुपये आकारले जातात. कंपनीचे मासिक उत्पन्न ४८ लाख रुपये झाले. पगार, जागेचे भाडे, वीज आदी मिळून खर्च ४० लाख रुपये धरला, तर महिन्याला ८ लाख रुपये नफा राहतो. हे चित्र समाधानकारक दिसते. परंतु त्या ४० जणांपैकी ७ जणांचे काम थांबले, तर उत्पन्न ३९ लाख ६० हजारांवर येते आणि नफ्याच्या जागी तोटा उभा राहतो. नफा आणि तोटा यांमधील अंतर अवघ्या सात माणसांचे आहे. हे अंतर ठाऊक असणे आणि दर आठवड्याला त्यावर नजर ठेवणे, ही आर्थिक शिस्तीची पहिली पायरी होय.

उधारीचा फास

याच कंपनीचे काम एखाद्या मोठ्या देशी ग्राहकासाठी चालते आणि तो ग्राहक बिल मिळाल्यापासून ९० दिवसांनी पैसे देतो, असे समजू. एप्रिलमध्ये केलेल्या कामाचे बिल ३० एप्रिलला जाते, त्याचे पैसे जुलैच्या अखेरीस हाती येतात. तोपर्यंत एप्रिल, मे, जून आणि जुलै अशा चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १ कोटी ६० लाख रुपये, कंपनीला स्वतः भागवावा लागतो.

त्यावर वस्तू व सेवा कराची भर पडते. आयटी सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बिल निघाले की सर्वसाधारणपणे पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो सरकारकडे भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी या मुदतीचा संबंध नसतो. आपल्या उदाहरणात दरमहा ८ लाख ६४ हजार रुपये कर होतो. खरेदीवरील कराची वजावट बाजूला ठेवली, तर जुलैअखेरपर्यंत तीन महिन्यांचा सुमारे २६ लाख रुपये कर खिशातून भरला गेलेला असतो. म्हणजे दरमहा ८ लाख रुपये नफा मिळविणाऱ्या कंपनीला पहिला रुपया हाती येण्यापूर्वी सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये गुंतवावे लागतात. एवढी रक्कम वर्षभर १२ टक्के व्याजाने उचलायची झाली, तर वर्षाच्या ९६ लाख रुपये नफ्यातील जवळपास पाव हिस्सा व्याजात जातो.

हाच ग्राहक ४५ दिवसांत पैसे देऊ लागला, तर काय होईल? पहिले पैसे जूनच्या मध्यास येतील. तोपर्यंत दोन महिन्यांचा खर्च आणि एका महिन्याचा कर, असे सुमारे ८९ लाख रुपयेच गुंतलेले असतील. दर तोच, काम तेच, माणसे तीच. केवळ पैसे देण्याची मुदत निम्मी झाल्याने भांडवलाची गरजही निम्म्यावर आली. तरीही करार करताना बहुतेक लहान कंपन्या दराच्या दोन-तीन टक्क्यांसाठी घासाघीस करतात आणि मुदतीचे कलम न वाचताच सही करतात, हे या क्षेत्रातील कटू वास्तव आहे.

उद्गम कर कपातीचाही येथे विचार करावा लागतो. २०२० मध्ये तांत्रिक सेवांसाठी या कपातीचा दर २ टक्के करण्यात आला. व्यावसायिक सेवांसाठी तो १० टक्के राहिला. एखाद्या ग्राहकाने काम दुसऱ्या वर्गात मोडते असे धरून १० टक्के कापले, तर आपल्या उदाहरणातील कंपनीचे दरमहा ४ लाख ८० हजार रुपये अडकतात. ८ लाखांच्या नफ्यावर तिचा प्रत्यक्ष आयकर सुमारे २ लाख रुपयेच होतो. उरलेली रक्कम परताव्यासाठी पुढील वर्षापर्यंत थांबते. करारातच सेवेचे स्वरूप स्पष्ट नोंदविणे हे म्हणूनच केवळ वकिलाचे काम नाही, ते रोकड नियोजनाचेही काम आहे.

वाढीचे ओझे

वाढ झाली की पैशांची चणचण संपेल, असा एक समज उद्योजकांमध्ये आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वरील कंपनीला नवे काम मिळाले आणि तिने आणखी दहा माणसे घेतली, तर प्रत्येकी ८० हजार रुपये या हिशेबाने चार महिन्यांचा खर्च ३२ लाख रुपये होतो. नव्या कामाचे पहिले बिल वसूल होईपर्यंत जुन्या कामाचा चार महिन्यांचा संपूर्ण नफा या दहा माणसांवर खर्च होतो, कर वेगळाच. त्या दरम्यान एखाद्या जुन्या ग्राहकाचे पैसे लांबले की भरभराटीच्या काळातच कंपनी अडचणीत येते. ताळेबंदात नफा दिसतो, बँक खात्यात मात्र खडखडाट असतो.

त्यामुळे वार्षिक अंदाजपत्रकाबरोबरच पुढील तेरा आठवड्यांचा रोकड अंदाज ठेवण्याची पद्धत वित्त व्यवस्थापनात उपयुक्त मानली जाते. कोणत्या आठवड्यात किती पैसे येणार, किती जाणार आणि हाती किती उरणार, एवढेच त्यात मांडायचे असते. ज्या आठवड्यात शिल्लक उणे दिसते, त्याची सूचना दोन-अडीच महिने आधी मिळते. त्या अवधीत वसुलीला वेग देता येतो, बँकेशी बोलता येते, नवी भरती पुढे ढकलता येते. तहान लागल्यावर विहीर खोदण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर.

एका ग्राहकाची सावली

एकाच ग्राहकावरील अवलंबित्व हा या व्यवसायातील सर्वांत जुना धोका आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे बंगळूरला गेलेल्या इन्फोसिसचा १९९५ मधील अनुभव या संदर्भात उद्बोधक ठरतो. कंपनीचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तो २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील भाषणात सांगितला होता. अमेरिकेतील एका बलाढ्य कंपनीकडून तेव्हा इन्फोसिसचे २५ टक्के उत्पन्न येत होते. त्या ग्राहकाने दर कमी करण्यासाठी दबाव आणला. अटी मान्य केल्या असत्या तर दर्जा राखणे आणि पुढील गुंतवणूक करणे अशक्य झाले असते. इन्फोसिसने तो व्यवसाय सोडण्याचे ठरविले. त्यानंतर कंपनीत जोखीम कमी करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली. एक ग्राहक, एक तंत्रज्ञान, एक देश किंवा एक महत्त्वाचा कर्मचारी यांपैकी कशावरही कंपनी अति विसंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होता. पूर्वानुमान, सातत्य, नफाक्षमता आणि जोखीम निवारण ही चतुःसूत्री पुढे या कंपनीची ओळख बनली.

हाच प्रसंग वरील ५० जणांच्या कंपनीवर आला तर? एक चतुर्थांश उत्पन्न म्हणजे १२ लाख रुपये. ते गेल्यास ८ लाखांच्या नफ्याचे दरमहा ४ लाखांच्या तोट्यात रूपांतर होते. हाती राखीव निधी असेल, तर हा तोटा सोसत नवे ग्राहक मिळविण्यास वेळ मिळतो. तो नसेल, तर ग्राहक सांगेल तो दर मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. राखीव निधी म्हणजे निव्वळ संकटकाळची पुंजी नव्हे. वाईट कराराला 'नाही' म्हणण्याची ताकद त्यातून येते, आणि हेच त्याचे खरे मूल्य आहे.

सत्यमचा धडा

आर्थिक शिस्त म्हणजे केवळ काटकसर नव्हे. हिशेबातील सत्यता हा तिचा गाभा आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी दिलेल्या कबुलीपत्राने हे सत्य देशासमोर आले. कंपनीच्या पुस्तकांत ५,३६१ कोटी रुपयांची रोकड व बँक शिल्लक दाखविण्यात आली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत २,७०० कोटी रुपये उत्पन्न व त्यावर २४ टक्के परिचालन नफा दाखविला गेला. पत्रानुसार खरे उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा केवळ ३ टक्के होता.

हा फुगवटा एका दिवसात झालेला नव्हता. प्रत्यक्ष नफा आणि दाखविलेला नफा यांतील किरकोळ फरकापासून प्रारंभ झाला आणि तो झाकण्यासाठी दर तिमाहीला नवी भर पडत गेली. वाघावर स्वार झाल्यावर खाली उतरता येत नाही, अशा आशयाची उपमा राजू यांनीच आपल्या पत्रात दिली होती. सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवे मंडळ नेमले. कागदोपत्री पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक असलेल्या या कंपनीला खर्च भागविण्यासाठी बँकांकडून ६०० कोटी रुपयांचे कर्ज घ्यावे लागले. एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रने बोली जिंकली आणि २०१३ मध्ये सत्यमचे त्या कंपनीत विलीनीकरण झाले. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

लहान कंपन्यांच्या दृष्टीने यातील धडा साधा आहे. वसूल होण्याची शक्यता नसलेली येणी वर्षानुवर्षे पुस्तकात ठेवणे, वार्षिक देखभाल कराराची आगाऊ रक्कम त्याच महिन्याचे उत्पन्न म्हणून दाखविणे, अर्धवट प्रकल्प पूर्णत्वाकडे गेल्याचे धरून नफा मोजणे, हे प्रकार प्रारंभी निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यातून मालक स्वतःचीच दिशाभूल करून घेतो. ग्राहकाने बारा महिन्यांच्या सेवेसाठी दिलेली रक्कम ही सेवा पूर्ण होईपर्यंत देणे असते, कमाई नव्हे. हे भान सुटले की ती रक्कम पहिल्याच तिमाहीत खर्च होते आणि उरलेले नऊ महिने फुकट काम केल्याची पाळी येते.

डॉलरचा लंबक

परदेशी ग्राहक असलेल्या कंपन्यांपुढे विनिमय दराचा आणखी एक प्रश्न असतो. २००७ च्या प्रारंभी एका डॉलरसाठी ४४ रुपयांहून अधिक मिळत असत. वर्षअखेरीस हा दर ४० रुपयांच्या खाली आला. महिन्याला १ लाख डॉलर कमावणाऱ्या कंपनीचे उत्पन्न, माणसे आणि काम तेवढेच असूनही, ४४ लाखांवरून सुमारे साडेएकोणचाळीस लाखांवर घसरले. तिचा नफा १५ टक्के असेल, तर त्यातील दोन तृतीयांश हिस्सा केवळ दरबदलात गेला. रुपया आणखी वधारेल या समजुतीने अनेक निर्यातदारांनी त्या काळात गुंतागुंतीचे परकीय चलन करार केले. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक वित्तीय संकट आले, मार्च २००९ पर्यंत डॉलर ५० रुपयांच्या वर गेला आणि जे करार संरक्षणासाठी केले होते तेच तोट्याचे कारण ठरले.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. निर्यातदारांना यामुळे तात्पुरता लाभ होतो. परंतु हा लाभ कायमचा मानून पगारवाढ, नवी कार्यालये किंवा दरकपात यांची आश्वासने देणे धोक्याचे आहे. वार्षिक अंदाजपत्रक बाजारभावापेक्षा काहीसा कमी दर धरून मांडावे, मिळणाऱ्या रकमेच्या ठरावीक भागापुरतेच साधे वायदे करार करावेत आणि चलनातून मिळालेला नफा व्यवसायाच्या नफ्यापासून वेगळा नोंदवावा, ही सावध रीत होय. सट्टा हा सेवा कंपनीचा व्यवसाय नाही.

सवलतींची मुदत

या उद्योगाच्या बहराला सरकारी धोरणाची मोठी साथ लाभली. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या योजनेखालील निर्यातदार कंपन्यांना आयकरात सूट मिळाली. ही सूट संपण्याची मुदत दोनदा वाढविण्यात आली आणि अखेर ३१ मार्च २०११ रोजी ती संपली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील नव्या उद्योगांना मिळणाऱ्या करसवलतीचे दारही २०२० मध्ये बंद झाले. सवलत संपणार हे वर्षे अगोदर ठाऊक असूनही अनेक कंपन्यांनी आपले दर आणि खर्च तिच्या आधारेच आखले होते. सवलतीमुळे वाचलेला कर हा नेहमीच्या नफ्यात मिसळला की कंपनीचे खरे सामर्थ्य कळेनासे होते. करपश्चात नफ्याबरोबर करपूर्व नफ्याचाही वेगळा विचार करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अलीकडचे उदाहरण कामगार संहितांचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येमुळे उपदानाचा, म्हणजेच ग्रॅच्युइटीचा, भार वाढला आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांनाही एक वर्षाच्या सेवेनंतर ती लागू झाली. डिसेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत अनेक मोठ्या आयटी कंपन्यांना त्यासाठी एकरकमी तरतूद करावी लागली. मोठ्या कंपन्यांनी ती आपल्या गंगाजळीतून केली. ज्या लहान कंपन्या ग्रॅच्युइटीची रक्कम कर्मचारी सोडून जाईल त्या दिवशीच शोधू लागतात, त्यांच्यासाठी मात्र हा इशारा आहे. दर महिन्याच्या पगाराबरोबर ही तरतूद बाजूला काढून ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे.

कायद्याचे कवच, व्यवहाराची भीती

थकलेल्या येण्यांबाबत लहान उद्योगांच्या बाजूने कायदे झाले आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक पाऊल टाकले. मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी मिळू नये, अशी ही तरतूद असून ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. येणी बँकांना सवलतीने विकून लवकर पैसे मिळविण्यासाठी 'ट्रेड्स' ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था उपलब्ध आहे. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिच्यावर नोंदणी करणे नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने आवश्यक केले.

तरतुदी चांगल्या आहेत, पण त्यांचा वापर करताना लहान पुरवठादाराचा हात आखडतो. ज्या ग्राहकाकडून निम्मे काम मिळते, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस कोण करणार? ग्राहकाकडून काम काढून घेतले जाण्याची भीती व्याजाच्या आमिषापेक्षा मोठी असते. म्हणजे हा प्रश्न पुन्हा एका ग्राहकावरील अवलंबित्वापाशीच येऊन थांबतो. कायद्याचे संरक्षण त्यालाच खऱ्या अर्थाने मिळते, ज्याच्यापाशी दुसरा ग्राहक आणि काही महिन्यांची शिल्लक आहे. उद्यम नोंदणी करणे, तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे, बिल वेळेवर आणि बिनचूक पाठविणे आणि मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाच्या लेखा विभागाशी संपर्क साधणे, एवढे तरी प्रत्येक कंपनीला करता येण्यासारखे आहे.

राखीव निधी किती, कोठे?

राखीव निधी किती असावा, याचे सरसकट उत्तर नाही. ज्या कंपनीचे दहा ग्राहक आहेत आणि करार दीर्घ मुदतीचे आहेत, तिला तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम पुरेशी ठरू शकेल. ज्या कंपनीचा निम्मा धंदा एकाच ग्राहकावर आहे, तिला सहा महिन्यांची तजवीजही अपुरी पडू शकते. मात्र हा निधी खेळत्या भांडवलाहून वेगळा असला पाहिजे. उधारीत गुंतलेला पैसा आणि संकटासाठी ठेवलेला पैसा एकच मानला, तर संकटाच्या दिवशी दोन्ही हाती लागत नाहीत.

हा निधी कोठे ठेवला आहे, यालाही महत्त्व आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रारंभी खातेदारांना केवळ १ हजार रुपये काढता येत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खातेदारांवर काही दिवस ५० हजार रुपयांची मर्यादा आली. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा तेथे ठेवी असलेल्या तंत्रज्ञान कंपन्यांना, त्यांत भारतीय संस्थापकांच्याही, पगाराची चिंता पडली होती. भारतात ठेव विम्याचे संरक्षण २०२० मध्ये ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. पन्नास जणांच्या कंपनीच्या एका महिन्याच्या पगारापुढे ही रक्कम तोकडीच आहे. जादा व्याजाच्या मोहात न पडता किमान दोन सक्षम बँकांत निधी विभागून ठेवणे हे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

तीन वर्षांपुढची नजर

पुढील काही वर्षांत या क्षेत्रातील सर्वांत मोठा बदल कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे होणार आहे. दहा माणसांचे काम सहा माणसांत झाले, तर माणशी दर आकारणाऱ्या कंपनीचे उत्पन्न घटते. निश्चित रकमेवर किंवा निष्पत्तीवर आधारित करार करणाऱ्या कंपनीला तोच बदल लाभदायक ठरतो. परंतु निश्चित रकमेच्या करारात अंदाज चुकल्याचा भुर्दंड पुरवठादारावर येतो. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीकडे जायचे, तर अंदाज बांधण्याचे कसब, प्रशिक्षण आणि काही काळ कमी नफा सोसण्याची तयारी लागते. त्यासाठी पैसा हवा आणि तो कर्जाऊ पैसा असून भागत नाही, कारण प्रशिक्षणावर बँक तारण घेत नाही.

मोठ्या कंपन्यांपुढेही हीच निवड आहे, फक्त आकडे मोठे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये इन्फोसिसने १८ हजार कोटी रुपयांच्या समभाग फेरखरेदीची घोषणा केली. त्यानंतर काही आठवड्यांतच टीसीएसने १ गिगावॉट क्षमतेची विदा केंद्रे उभारण्याचा मनोदय जाहीर केला. साठलेला पैसा भागधारकांना परत द्यावा की भविष्यात गुंतवावा, याची ही दोन वेगळी उत्तरे आहेत. कोणते उत्तर योग्य, हे काळच ठरवील. मात्र ही निवड करण्याचे स्वातंत्र्य या कंपन्यांना मिळाले, ते अनेक वर्षे जपलेल्या रोख शिलकीमुळेच.

लहान कंपनीने तीन वर्षांचा आराखडा करताना तीन चित्रे डोळ्यांपुढे ठेवावीत : व्यवसाय अपेक्षेप्रमाणे चालला तर, सर्वांत मोठा ग्राहक गेला तर, आणि दर एक पंचमांशाने घटले तर. प्रत्येक चित्रात शिल्लक किती महिने पुरेल, कोणता खर्च प्रथम थांबवायचा, कोणते कौशल्य कोणत्याही स्थितीत टिकवायचे, याची उत्तरे आधीच लिहून ठेवावीत. मालकाने स्वतःसाठी ठरावीक वेतन घ्यावे, कंपनीचे आणि घराचे खाते वेगळे ठेवावे, चांगल्या वर्षातील नफ्याचा ठरावीक हिस्सा प्रथम राखीव निधीत आणि नव्या कौशल्यांत घालावा आणि मगच वाटप करावे. सनदी लेखापालाची भेट वर्षातून एकदा, विवरणपत्र भरण्याच्या वेळी, न होता दर तिमाहीला व्हावी.

भारतीय आयटी उद्योगाने कमी भांडवलात जगाच्या बाजारपेठेत स्थान मिळविले. बुद्धी, परिश्रम आणि माफक दर ही त्याची शिदोरी होती. माफक दराचा लाभ आता ओसरत आहे. पुढील काळात ज्या कंपन्या टिकतील, त्या केवळ उत्तम आज्ञावली लिहिणाऱ्या नसतील. आपल्या हाती किती महिन्यांची उसंत आहे हे नेमके सांगू शकणाऱ्या असतील. या हिशेबावर मालकाच्या नफ्याबरोबरच लहान-मोठ्या शहरांतील लाखो तरुण अभियंत्यांच्या घरांचे हप्ते, मुलांच्या शाळांची शुल्के आणि वृद्ध आईवडिलांची औषधे अवलंबून आहेत. आर्थिक शिस्तीचा खरा अर्थ त्यांच्या पगाराच्या तारखेला कळतो.